पोस्टरवरचं नाव

"नाव?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अर्नुल्फो काबाहुग." पेशंटनं छाती पुढे काढून, शाळेत हजेरी द्यावी तसं उत्तर दिलं.

"जन्मतारीख?"

"नऊ मार्च, एकोणीसशे एकोणऐंशी."

"गाव?"

"सान रोके."

बाईंनी फाईल पाहून तीन खुणा केल्या आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे बघून हसल्या. "बघा, स्वतःची ओळख अगदी शाबूत आहे. हे चांगलं लक्षण म्हणायचं."

तो माणूस हसला नाही. मांडीवरची पावाची कागदी पिशवी त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. कारण अर्नुल्फो काबाहुग तो स्वतः होता. नऊ मार्चला जन्मलेलाही तोच. टेबलासमोर ताठ बसलेला, भुवयांवर टाक्यांचे व्रण असलेला हा पेशंट म्हणजे त्याचा धाकटा भाऊ मेल्चोर. सहा जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला जन्मला म्हणून त्यातल्याच एका राजाचं नाव त्याला ठेवलं होतं. घरात त्याला सगळे नोनोय म्हणायचे, तिकडे धाकट्या पोराला म्हणतात तसं. आणि नोनोय अर्नुल्फोला मानोंग म्हणायचा, थोरल्या भावाला म्हणतात तसं. म्हणायचा. गेले चौदा महिने तो थोरल्या भावाला 'बॉस' म्हणत होता. 'नोनोय' अशी हाक मारली तर मान वळत नव्हती, 'मेल्चोर' म्हटलं तरी नाही.

"आज वार कोणता?" बाईंनी विचारलं.

"आज वजन," मेल्चोर म्हणाला.

"वजन?"

"त्याला रोजच वाटतं, आज वजन करायचंय म्हणून," अर्नुल्फो हळूच म्हणाला. "सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही. मॅचच्या आधी वजन होईपर्यंत असंच असायचं."

बाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तीन मिनिटांनी त्यातला एकही उरला नव्हता. घड्याळ काढायला सांगितलं, तर त्यानं एक गोल काढला, त्याच्या आत चौकोन काढला आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार टिंबं दिली. बाईंना ते काय आहे ते कळलं नाही. अर्नुल्फोला कळलं. रिंग होती ती, आणि गोल म्हणजे भोवतीचा कोंबड्यांच्या झुंजीचा आखाडा.

सव्वीस वर्षांपूर्वीचा मे महिना. गावच्या फिएस्टाला, म्हणजे जत्रेला, दर वर्षी त्या आखाड्यात रिंग उभारायचे आणि बॉक्सिंगच्या मॅचेस लावायचे. त्या वर्षीच्या पोस्टरवर शेवटून दुसरं नाव होतं अर्नुल्फो काबाहुग, वय एकोणीस. आठ महिने कोच तेम्योच्या हाताखाली त्यानं घाम गाळला होता. लायसन झालं होतं, सकाळी वजनही झालं होतं. नानायनं, म्हणजे आईनं, पोस्टरकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. "तू मोठा आहेस, तुझं तू बघ," एवढंच म्हणाली. "पण त्या धाकट्याला तिकडे फिरकू देऊ नकोस. आधीच तुझं बघून उशीला ठोसे मारत असतो."

आणि ऐन वेळी अर्नुल्फो रिंगकडे न जाता मागे पळाला. दुसरं काही नाही, भीती. वजनाच्या वेळी समोरच्या पोराच्या मानेवरची शीर त्यानं पाहिली होती, ती डोळ्यांसमोरून हलेना. आखाड्यामागच्या केळीच्या बनात तो बसून ओकत होता, आणि नोनोय, पंधरा वर्षांचा, त्याच्यासमोर बादली धरून उभा होता.

कोच तेम्यो आला. "काय रे, एवढा वेळ, लग्नाला निघालायस का? तुझ्या अंगात रक्त आहे की माडी?" मग त्यानं चेहरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मेलो. लोक आखाडा पेटवतील."

"मानोंग, मी जाऊ?" नोनोय म्हणाला.

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. थोरला भाऊ तेवढ्यासाठीच तर असतो. अर्नुल्फोनं अंगातली चड्डी उतरवली आणि त्याच्या हातात दिली.

"तोंडवळा सारखाच आहे," कोच म्हणाला. "आणि ह्याचं पोट तेवढं बरं आहे. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

नोनोयनं दुसऱ्या राउंडला त्या शीर फुगलेल्या पोराला खाली पाडलं. आखाडाभर एकच गजर उठला, अर्नुल्फो, अर्नुल्फो! अर्नुल्फो केळीच्या बनात टॉवेल गुंडाळून बसला होता. त्यानं तो नीट ऐकला.

सकाळी नानायनं धाकट्याचा सुजलेला ओठ पाहिला. थोरल्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली आणि भात लावायला निघून गेली. पुढे मरेपर्यंत तिनं तो विषय काढला नाही, आणि अर्नुल्फोला वाटायचं, तिनं रोज एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

एका रात्रीची गोष्ट सतरा वर्षं चालली. कारण जिंकला तो पोस्टरवरचा अर्नुल्फो होता, आणि पुढची मॅच त्यालाच मिळाली. अठरा पुरे झाल्याशिवाय धंदेवाईक मॅच खेळता येत नाही, म्हणून नानायच्या बिस्किटांच्या डब्यातला थोरल्याचा जन्मदाखला कोचकडे गेला तो कायमचा. कोचनं पोराकडून उत्तरं घोटून घेतली. दोरीवरच्या उड्या मारताना पाठ करायची. नाव? अर्नुल्फो काबाहुग. जन्म? नऊ मार्च. भाऊ? एक, धाकटा, मेल्चोर, शाळेत जातो. चुकला की दोरी पोटरीवर. तोंडात दातांचं रबर कोंबलेलं असायचं, तरी तो सगळं न अडखळता म्हणायचा.

आणि खेळायचा काय! गावानं तसा डावा हात पुन्हा पाहिला नाही. सेबू शहरात त्यानं देशाच्या अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला, तेव्हा त्याला आगीच्या बंबावर बसवून गावभर मिरवलं. अर्नुल्फो तेव्हा बेकरीत कामाला लागला होता. पिठाचे हात तसेच घेऊन तो दारात उभा राहिला. आपल्या नावाचा जयजयकार ऐकून मान खाली घालावीशी वाटणारा गावात तो एकटाच असेल. बंबावरून नोनोयनं त्याला पाहिलं आणि पट्टा डोक्यावर धरून ओरडला, "मानोंग! तुझा आहे हा!" लोकांना वाटलं, भावाचं प्रेम.

खरं काय ते जवळच्यांना ठाऊक होतं, आणि जवळचे कशाला सोडतात? "अर्नुल्फो, ओसाकात थंडी कशी होती रे?" असं पाव घ्यायला येणारे विचारायचे. एकदा त्याला बोटीवर बेकरीचं काम मिळत होतं. पासपोर्ट काढायला गेला तर खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमचा आहे की आधीच. जपानला जाऊनही आलात." घरी बायको लुझवी पोट धरून हसली. "माझं लग्न नक्की कुणाशी झालंय, तेही विचारून यायचं ना!" अर्नुल्फोही हसला. बोट गेली त्याचं दुःख त्याला झालंच नाही. उलट, एवढी तरी शिक्षा झाली म्हणून बरं वाटलं.

ओसाकाला नोनोय दहाव्या राउंडला पडला आणि तिथून पुढे दिवस फिरले. जिंकणाऱ्या बॉक्सरला लोक तीन महिने आधी बोलावतात, हरण्यासाठी हवा असेल त्याला दहा दिवस आधी. बँकॉक, जकार्ता, पुन्हा बँकॉक. तिकडच्या चढत्या पोरांना कुणीतरी नाव असलेला माणूस पाडायला लागतो, आणि अर्नुल्फो काबाहुग हे नाव होतं. दहा दिवसांत सहा किलो उतरवायचे. नोनोय बेकरीत यायचा, अंगावर प्लास्टिकचा रेनकोट चढवून भट्टीसमोर बसायचा आणि डब्यात थुंकत राहायचा. पाव बाहेर निघाले की डोळे मिटून नुसता वास घ्यायचा.

"मानोंग, अजून एक लाकूड टाक."

"पुरे झालं, नोनोय. ओठ बघ तुझे."

"तीनशे ग्रॅम राहिलेत रे. टाक."

आणि अर्नुल्फो लाकूड टाकायचा.

हे सगळं थांबवायची चावी त्याच्याच खिशात होती. बॉक्सिंगच्या सरकारी कचेरीत जाऊन एक वाक्य बोलायचं, की हे नाव माझं आहे. दुसऱ्या दिवशी लायसन रद्द झालं असतं. पण मग पट्टाही पुसला गेला असता, सेबूची ती रात्र खोटी ठरली असती, नोनोय चोर ठरला असता. तीनदा तो एस्टीसारख्या त्या खडखडत्या बसमध्ये बसून कचेरीच्या दारापर्यंत गेला आणि तीनदा परत आला. तेव्हा तो स्वतःला सांगायचा की भावाच्या इज्जतीसाठी गप्प राहिलो. आता तसं सांगता येत नव्हतं. केळीच्या बनातली भीतीच होती ती, फक्त वयानं वाढलेली.

शेवटच्या मॅचनंतर नऊ वर्षं गेली. आधी हात थरथरू लागला, मग चमचा सांडू लागला, मग घराचा रस्ता चुकू लागला. मग गेल्या वर्षी एका सकाळी अर्नुल्फोनं पेज पुढे केली, तर नोनोय परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाला, "नको बॉस, आज वजन आहे." त्या दिवसापासून अर्नुल्फोचं एकच मागणं होतं. भाऊ बरा होणार नाही हे त्याला कळत होतं, तेवढा तो भाबडा नव्हता. एकदा 'मानोंग' म्हणावं, बस. एकदाच. म्हणजे त्याच्या तोंडावर सांगता येईल की त्या रात्री मी चुकलो. परक्या बॉसनं माफी मागून काय उपयोग?

बाई फाईल मिटू लागल्या. "आठवण बरीच गेलीय. पण स्वतःचं नाव, जन्म, गाव अजून..."

"ती उत्तरं चुकीची आहेत, डॉक्टर," अर्नुल्फो म्हणाला.

ते एक वाक्य असं निघालं, सव्वीस वर्षं उशिरा, आणि ऐकायला एक डॉक्टर आणि भिंतीवरचा पंखा.

"कागदावर तर..."

"कागद माझा आहे. नाव माझं आहे. हा मेल्चोर." आणि मग त्यानं सगळं सांगितलं, चड्डीसकट. बाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. मेल्चोर खिडकीबाहेर बघत मुठी उघडत-मिटत होता.

ऐकून झाल्यावर बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पेशंटला अगदी हळू विचारलं, "मेल्चोर कोण?"

मुठी थांबल्या. आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो हसला, दोन दात नसलेलं हसू.

"मेल्चोर? धाकटा माझा. नोनोय. शाळेत जातो."

"कसा आहे तो?"

"हट्टी!" तो पुढे झुकला, गुपित सांगावं तसा. "फिएस्टाला मला बरं नव्हतं. ओकत होतो. तर हा म्हणतो, मानोंग, मी जाऊ का? एवढंसं पोरगं!" त्यानं हातानं उंची दाखवली, टेबलाएवढी. "मी म्हटलं, गप. घरी जा. नानाय रागवेल. तोंड पुसलं आणि मीच गेलो."

"तुम्ही गेलात?"

"मग? थोरला आहे ना मी." त्यानं भुवईवरच्या व्रणावरून अंगठा फिरवला. "लागतं हो फार. त्याला लागलं असतं."

बाईंनी अर्नुल्फोकडे पाहिलं नाही. बरं केलं. तो पिशवीची कड पुन्हा पुन्हा दुमडत होता. त्याला शिव्या मिळाल्या असत्या तर त्यानं झेलल्या असत्या. पण या पोरानं सतरा वर्षं मार खाल्ला तो खाल्लाच, आणि डोक्यातलं सगळं पडून गेल्यावर जे एवढंसं उरलं, त्यातही थोरल्याला चांगलं करून ठेवलं. जे थोरल्यानं करायला हवं होतं, ते त्याच्या नावानं करून टाकलं.

बाहेर बाकावर बसवून अर्नुल्फोनं पिशवी उघडली. सकाळचे पाव, अजून मऊ होते. एक पुढे केला.

"नको बॉस. वजन."

अर्नुल्फोनं पाव हातात धरून ठेवला. माफी मागायची होती, त्यासाठी चौदा महिने थांबला होता. पण ज्याच्याकडे मागायची तो नोनोय टेबलाएवढा होता, सुखरूप होता, शाळेत जात होता. त्याला कुणी रिंगमध्ये जाऊ दिलंच नव्हतं. ती गोष्ट मोडून आपलं मन हलकं करायचं, एवढा हक्क त्याला उरला नव्हता.

"मानोंग," तो म्हणाला.

हा शब्द त्यानं आयुष्यात कुणाला म्हटला नव्हता. म्हणायला वर कुणी नव्हतंच.

चौदा महिने कुठल्याच हाकेला न वळलेली मान वळली. मेल्चोरनं त्याला नीट पाहिलं, पांढऱ्या केसांपासून पायातल्या चपलेपर्यंत, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नोनोय, तू इथे काय करतोयस? शाळा नाही का?"

"सुट्टी आहे."

"खाल्लंस का काही?"

मेल्चोरनं त्याच्या हातातला पाव घेतला, थरथरत्या बोटांनी मोडला आणि दोन्ही तुकडे त्यालाच दिले. "खा. माझं वजन आहे. रडतोस कशाला? मला कुठे लागलंय?"

समोरच्या थांब्यावर सान रोकेची बस लागली होती. रस्त्यावर जीपन्यांची, त्या माणसांनी भरलेल्या रंगीत जीपगाड्यांची, रांग होती. मेल्चोर उठला, झोक गेला, सावरला, आणि थोरल्या भावाचा हात त्यानं घट्ट धरला.

"हात सोडू नको," तो म्हणाला. "आणि नानायला सांगू नको मी कुठे चाललोय ते."

"नाही सांगत, मानोंग," अर्नुल्फो म्हणाला, आणि पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस तोंडात पाव धरून त्याच्यामागे रस्ता ओलांडू लागला.