डाळिंबाचा मुकुट घातलेले सफरचंद

मित्रांनो, मी एक जुने लाकडी सफरचंद आहे. निदान आयुष्यभर मला तसे सांगण्यात तरी आले. देवासच्या मुलींच्या शाळेत, कपाटाच्या खालच्या खणात, खडूच्या भुकटीत मी पडून असतो. अंगावरची लाख उडाली, लाली गेली. आता एकच इच्छा उरली होती, की कुणी उचलू नये. पण काल नव्या बाईंनी, प्रमोदिनीबाईंनी, मला उचलले, उजेडात धरले आणि शिपायाला सांगितले, "याच्या डोक्यावरचं हे घासून काढ उद्या. सफरचंदाला असं कुठं असतं?"

खरे आहे. माझ्या डोक्यावर डाळिंबासारखा पाकळ्यांचा मुकुट आहे. तो कसा आला ते ऐका.

खूप वर्षांपूर्वी विलायतेहून मिस कार नावाच्या बाई इथे इंग्रजी शिकवायला आल्या. त्यांना मराठी येत नव्हते, हिंदी येत नव्हते, माळवी तर दूरच. मुलींना इंग्रजीचे अक्षर ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी ट्रंकेत वस्तू आणल्या होत्या: चमचा, घंटा, बाहुली आणि मेणाचे एक सफरचंद. इंदूरहून टांग्याने येताना वैशाखाच्या उन्हात ते सफरचंद वितळले आणि बाहुलीच्या झग्याला चिकटले. मिस कार त्या दिवशी रडल्या, असे विठोबा शिपाई सांगायचा.

मग विठोबा लाकडाचे सफरचंद करून घ्यायला पुस्तकातले चित्र घेऊन मारुती कातारी याच्याकडे गेला. मारुती धारहून आलेला. लाकूड कातायची खराद फिरवून पाळण्याचे खुळखुळे करायचा. सफरचंद दोघांनीही पाहिले नव्हते. चित्र काळ्या शाईचे, आणि नेमके वरच्या बाजूला पुसट.

"भिया, याच्या डोक्यावर काय असतंय?" मारुतीने विचारले.

"असंल काहीतरी. सायबाचं फळ आहे, बोडकं थोडंच असणार," विठोबा म्हणाला.

म्हणून मारुतीने दुधी नावाच्या झाडाच्या लाकडातून मला कातले, लाल लाख चढवली आणि त्याला ठाऊक असलेला सर्वांत सुंदर मुकुट माझ्या डोक्यावर कोरला. शेजारी त्याची लेक दुर्गा खरादीची दोरी ओढत बसली होती.

मिस कारनी मला पाहिले, क्षणभर डोळे मिटले आणि मला मेजावर ठेवले. दुसऱ्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. "धिस इज ॲन ॲपल." बाईंनी म्हणायचे, मग मुलींनी. मग मी एका हातातून दुसऱ्या हातात. मुली ते वाक्य जात्यावरच्या ओवीच्या चालीवर म्हणू लागल्या. बाईंनी आधी त्यांना थांबवायला मेज ठोकले, नंतर तेही सोडले. एखादी मुलगी तिसऱ्या धड्याला पोचली की तिचे लग्न ठरायचे, तिच्या जागी नवी यायची, आणि बाई पुन्हा मला उचलायच्या. पोरी पुढे गेल्या. बाई आणि मी पहिल्या धड्यातच राहिलो. बाईंचा आवाज बसत चालला. माझी लाली पोरींच्या तळव्यांना लागत चालली.

मारुतीने दुर्गेलाही त्या वर्गात घातले. पहिल्याच दिवशी मी तिच्या हातात आलो. तिने मला ओळखले, मुकुटावरून अंगठा फिरवला, आणि सगळ्यांबरोबर म्हणाली, "ॲपल."

चार वर्षांनी दरबारचे बापूसाहेब परीक्षेला आले. वर्ग चालवायचा की बंद करायचा, हे त्यांनीच ठरवायचे होते. बंद झाला तर मिस कार परत जाणार आणि मुली घरी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. बाईंनी मला उचलले. वर्गभर ओवी घुमली.

बापूसाहेब हसले. "एवढं तर आमच्या घरचा पोपट म्हणतो. त्याला मिस लागत नाही." मग त्यांनी मला हातात घेतले, नखाने मुकुट टोकरला आणि पुढे बसलेल्या दुर्गेला उभे केले. मुंबईत आपण सफरचंद खाल्ले आहे, हे त्यांनी आधीच ऐकवले होते. त्यांनी इंग्रजीत विचारले, हे काय आहे?

दुर्गेने बाईंकडे पाहिले. शिकवलेले म्हणावे तर ती पोपट ठरत होती. खरे सांगावे तर बाई खोट्या ठरत होत्या, आणि बापाचे काम चुकीचे.

"धिस इज नॉट ॲन ॲपल," ती हळूच म्हणाली. कुणी शिकवलेले नव्हते हे वाक्य. "धिस इज वुड. माय फादर..." पुढचा शब्द तिच्याकडे नव्हता. तेव्हा तिने दोन्ही हातांनी हवेतच खरादीची दोरी ओढली. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"मेड," मिस कार म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. "युवर फादर मेड इट."

"मेड इट," दुर्गा म्हणाली.

बापूसाहेबांनी मला खाली ठेवले. ठेवताना मुकुट वर राहील असे बघून. "ही बोलली," ते म्हणाले. "वर्ग चालू ठेवा."

मिस कार पुढे दोन वर्षे राहिल्या, मग आजारी पडून विलायतेला परत गेल्या. दुर्गा मोठी होऊन त्याच मेजामागे उभी राहिली. सोळा वर्षे तिनेही मला उचलले. पण ती आधी मराठीत सांगायची, "हे लाकूड आहे, माझ्या बाबांनी केलेलं. सफरचंद तुम्ही कधीतरी बघाल." आणि मगच इंग्रजी सुरू व्हायचे. गेल्या साली ती सतवासला भावाकडे राहायला गेली. आता हे सांगणारे कुणी नाही.

प्रमोदिनीबाई वाईट नाहीत. मुलींना चुकीचे शिकवू नये, एवढेच त्यांना वाटते. पण मुकुट घासला तर मी सफरचंद होणार नाही, नुसता गोळा होईन. इंदूरच्या बाजारात आता खरी सफरचंदे येतात म्हणे. एक आणा, चिरा, पोरींना चाखू द्या आणि त्याला ॲपल म्हणा. मी फार थकलो आहे, मित्रांनो. त्यांना एवढे सांगाल का, की मला पहिल्या धड्यातून सोडवा आणि पुढच्या एखाद्या धड्यात घ्या, जिथे विचारतात: हे कुणी केले?