माझ्या घामाची गोष्ट

मी एक जुना माठ आहे. शिंपीमास्तरांच्या दुकानात, दाराजवळच्या तिवईवर बसून असतो. कुंभाराच्या चाकावर गरगरलो, भट्टीत भाजून निघालो. तेव्हा एवढी उष्णता सोसली, की पुढे उष्णता पळवून लावणं हाच माझा धंदा झाला.

तो असा. माझ्या अंगाला बारीक छिद्रं आहेत. त्यांतून पाणी पाझरतं, वाऱ्यावर त्याची वाफ होते आणि जाताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मला घाम येतो म्हणून तुम्हाला गार पाणी मिळतं. पण कौतुकाचं नाव नको. खाली ओल आली, एवढंच ऐकायचं. समोरची इस्त्री दिवसभर आग ओकते, तरी तिला मात्र पुसायला मऊ फडकं!

मास्तरांचा मेहुणा रंगारी. बहिणीवरच्या मायेपोटी त्याने एकदा मला निळा तेलरंग फासला आणि वर पिवळी फुलं काढली. मित्रांनो, त्या दिवसापासून माझं कौतुक सुरू झालं आणि पाणी कोमट झालं. गिऱ्हाइकं मला बघून वा म्हणत आणि प्यायला शेजारच्या दुकानात जात. मास्तरांची पंचाईत झाली. सांगावं तर बायकोचा भाऊ दुखावतो, न सांगावं तर तहान भागत नाही. शेवटी मला मागच्या अंगणात नेऊन माझ्यात रोप लावायचं ठरलं.

त्याच दुपारी मेहुणा उन्हातून आला, पेलाभर पाणी प्यायला आणि त्याने तोंड वाकडं केलं.

"भावोजी, तुमचा माठ बिघडलाय."

दुरुस्तीला आलेला एक रेनकोट मास्तरांनी त्याच्या अंगात चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि माप बघायच्या निमित्ताने त्याला उभं केलं. थोड्याच वेळात मेहुण्याचा उकडलेला बटाटा झाला. मग रेनकोट निघाला, दारातून वारा आला आणि भिजलेल्या सदऱ्यात तो गारेगार झाला. आता कुठे जिवात जीव आला, असं म्हणाला.

"मग माठाचा रेनकोट कधी काढतोस?" मास्तरांनी विचारलं.

मेहुण्याने माझ्या रंगाने बुजलेल्या छिद्रांवरून बोट फिरवलं. मग पॉलिश पेपर घेऊन खाली बसला. आपलीच फुलं खरवडताना त्याचा चेहरा एवढासा झाला होता. मला खरंच वाईट वाटलं. शेवटचं फूल मात्र बहिणीने त्याला खरवडू दिलं नाही.

आता तेवढी जागा सोडून मला सगळीकडे घाम येतो. मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण आम्हाला श्वास घ्यायला जागा ठेवा. एका फुलाएवढी माया मी आनंदाने सोसतो.