विलिमोनींचा बेत

लंबासा या बेटावरच्या गावातल्या कामगार कार्यालयात परीक्षा पास झालेली कारखाना-निरीक्षक एकच उरली होती, लिटियाना. आधीचे चौघे ऑकलंडला गेले होते आणि नाताळला न चुकता शुभेच्छा पाठवत होते. आता तिलाही ब्रिस्बेनहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

कार्यालयप्रमुख विलिमोनींना मंत्रालयाने कर्मचारी टिकवण्यासाठी एक भिंतीवरचं घड्याळ पाठवलं होतं. त्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. त्यांनी गुपचूप लाकडाच्या गिरणीतल्या कामगारांना गाठलं. "रीतीप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन या आणि तिला थांबा म्हणा. तिने तो हातात घेतला की मागणी मान्य झाली. मग ती जातेच कशी?"

सोमवारी कामगार आले, चटईवर बसले. त्यांच्या म्होरक्याने, आपेनिसाने, दात दोन्ही हातांवर धरला. दात पाहूनच मागणी ओळखलेली लिटियाना नाही म्हणायचं ठरवून ताठ बसली होती.

"ताई," आपेनिसा म्हणाला, "तुम्ही करवतीला जाळी बसवायला लावलीत. मालक ओरडला, आम्हीपण ओरडलो, काम रेंगाळतं म्हणून. तीन वर्षं झाली. आम्ही बेचाळीस जण आहोत आणि सगळ्यांची बोटं जागेवर आहेत. त्याबद्दल हा दात. सुखाने जा."

विलिमोनी खाकरले. आपेनिसाने तिकडे पाहिलं नाही.

लिटियानाने दात घेतला.

बाहेर विलिमोनींनी आपेनिसाला बाजूला घेतलं. "अरे, थांबा म्हणायचं होतं ना?"

"म्हणणार होतो, साहेब. पण ताईंकडून आधीच एवढं घेतलंय. आणखी मागायला तोंड उघडेना. तुम्ही कधी काही दिलंत का त्यांना?"

विलिमोनींनी आत जाऊन तिची फाईल काढली. चार वर्षं 'प्रभारी निरीक्षक'. कायम करण्याचा अर्ज त्यांच्याच खणात होता, त्यांच्याच सहीसाठी थांबलेला. वर चहाच्या कपाचा गोल डाग.

त्यांनी सही केली; आता मंत्रालयातल्या सचिवांची सही बाकी होती. टपालावर त्यांचा भरवसा नव्हता, कारण टपालखातंही सरकारीच होतं. त्याच दिवशी ते जहाजाने राजधानीला, सुव्याला, निघाले आणि मंत्रालयात सचिवांच्या दारासमोर दोन दिवस बसून राहिले. शेवटी ते उठावेत म्हणून सचिवांनी सही केली.

गुरुवारी लिटियानाने कायम झाल्याचा तो कागद दोनदा वाचला.

"साहेब, हे चार वर्षांपूर्वी दिलं असतंत तर?"

"चूक माझी आहे."

तिने कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाली, "ब्रिस्बेनला 'येत नाही' म्हणून कळवते. आणि साहेब, आभारी आहे."

विलिमोनींना ते आभार घ्यायची लाज वाटली. तरी त्यांनी घेतले.