महिन्याला दोनशे एप्रन

सकाळी थोरली उठून बघते तो धाकटीचा आवाज गेलेला. घशातून नुसती हवा. आणि अकरा वाजता परदेशातल्या दुकानदार बाईंचा व्हिडिओ कॉल!

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. दोघी जावा घरामागच्या खोलीत सुतारांसाठी जाड कापडाचे एप्रन शिवायच्या. पाच मशिन, पाच बायका. शिवण थोरलीची, बोलणं धाकटीचं, अशी वाटणीच होती. माल बाहेरदेशी पाठवायचा म्हणून दोघींनी तीन महिन्यांचा प्रशिक्षण वर्ग केला, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की थोरली मागच्या बाकावर अंग चोरून बसायची.

धाकटीनं कागदावर लिहिलं, "ताई, तुम्हीच बोला. मी अडेल तिथे लिहून देते."

"अगं, माझी बोबडी वळेल!"

पण अकराला कॉल आलाच. पांढऱ्या केसांच्या बाईंनी शिवण जवळून दाखवायला सांगितली. थोरलीनं एप्रनच्या खिशाला दोन्ही हातांनी हिसका दिला. मग एप्रनच्या कापडी कडीत लोखंडी हातोडा अडकवून तो गदागदा हलवला. टाका जागचा हलला नाही. भीती कुठल्या कुठे पळाली.

"महिन्याला हजार जमतील?" बाईंनी विचारलं.

धाकटीनं कागद धरला: "हो म्हणा!" खाली दोन रेघा.

थोरलीनं मशिनींकडे पाहिलं. एका मशिनवर दिवसाला दोन, म्हणजे पाचांवर महिन्याला फार तर अडीचशे. उसवून पुन्हा शिवायचे वेगळेच. हजाराला हो म्हणायचं आणि नंतर तोंड लपवायचं? वर्गातल्या मॅडम याच गोष्टीवरून सगळ्यांना झापायच्या.

"थाउजंड, नो," ती म्हणाली. "टू हंड्रेड. गुड टू हंड्रेड."

धाकटीनं कपाळाला हात लावला. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. आधी एप्रन पुरवणाऱ्या माणसानं हजाराला हो म्हटलं होतं. सहा महिने वाट पाहिली, आणि आलेल्या मालाचे खिसे हातात आले. "दोनशे चांगले मिळाले तर मला पुरे. आजच ऑर्डर पाठवते."

थोरलीला निम्मं कळलं, निम्मं नाही. तिनं धाकटीकडे वळून पाहिलं. धाकटी आवाज न करता हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

दुपारी ईमेल आला: पहिले सहा महिने, दरमहा दोनशे. बायकांनी एकच कल्ला केला.

"आता मला कुणी हाक मारू नका गं," थोरली म्हणाली आणि कापडाच्या ताग्यांवर आडवी झाली. गेले आठ दिवस ऑर्डर मिळते की नाही या काळजीनं तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेजारी पाचही मशिन धडधडत होत्या, तरी तिला लगेच गाढ झोप लागली.