दुर्बीण केसभर हलवली

वेधशाळेत तिला सगळेच वहिनी म्हणत. खरं तर ती वहिनी एकाच माणसाची, दुर्बीण चालवणाऱ्या भावजींची. पण भावजींचा आवाज असा खणखणीत, की घुमटात त्यांनी हाक मारली की खाली कचेरीतल्या कारकुनालाही ती आपलीच वहिनी वाटायची. संचालक पत्रावर तिच्या नावामागे डॉक्टर लिहीत आणि पत्र हातात देताना म्हणत, "वहिनी, जरा बघून घ्या."

दिराची आणि भावजयीची ही जोडी दहा वर्षं जमली होती. ती पडद्यासमोर, ते बटणांसमोर. एक फोटो झाला की भावजींनी दुर्बीण केसभर बाजूला सरकवायची, मग दुसरा फोटो. जगभर हीच रीत आहे. चष्म्यावर डाग असला तर मान हलवली की डागही सोबत येतो. भिंतीवरचा डाग भिंतीवरच राहतो. तसंच दुर्बीण हलवली की आकाशात जे खरं आहे ते फोटोत सरकतं, आणि कॅमेऱ्याचा दोष मात्र एकाच जागी ठिय्या देऊन बसतो. इतर लोक हे काम मुकाट्याने करतात. भावजी मात्र दर वेळी "हलवली!" असं ओरडत आणि नोंदवहीत पेन्सिलीने खूण करत. पेनाची शाई तिथल्या थंडीत दगा द्यायची. पाहुणे शास्त्रज्ञ गालातल्या गालात हसत. वहिनी कधी हसली नाही.

कारण अकरा वर्षांपूर्वी तिच्या खुर्चीत तिचा नवरा बसत असे, आणि त्या रात्री दुर्बीण हलली नव्हती.

तो गॅमा किरणांच्या स्फोटांमागे लागलेला माणूस होता. असा स्फोट होतो लांबच्या लांब कुठल्यातरी दीर्घिकेत, टिकतो काही क्षण, आणि तो दिसतो फक्त वर फिरणाऱ्या उपग्रहाला. उपग्रह जमिनीवरच्या सगळ्यांना जागा कळवतो. मग स्फोटामागे जो साधा, डोळ्यांना कळणारा उजेड उरतो, तो विझायच्या आत गाठायचा. दर मिनिटाला तो मंद होत जातो. उशीर झाला की संपलं. त्या रात्री त्याने तो गाठला. तीन फोटो, तिन्हींत जुन्या नकाशावर नसलेला ठिपका. मग ढग आले. आणि सकाळी लक्षात आलं की तिन्ही फोटो एकाच जागेवरून घेतले होते. तो कॅमेरा तेव्हा आजारीच होता, रोज अंगावर नवे डाग काढायचा. तज्ज्ञांनी निकाल दिला: ठिपका नव्हे, कॅमेऱ्याचा दोष. इतरत्र कुठे ढग होते, कुठे दिवस, त्यामुळे साक्षीला कुणी नव्हतं. नवऱ्याने नोंदवहीत लिहिलं, "घाई झाली. चूक माझी." आणि पुढच्या हिवाळ्यात साध्या न्यूमोनियाने तो गेला.

विझलेला उजेड काही परत आणता येत नाही. पण उजेड विझला तरी घर जागेवर राहतं. त्या जागी पुरेसा वेळ कॅमेरा उघडा ठेवला, तर जिथे स्फोट झाला ती दीर्घिका पुसटशी दिसेल. आणि ठिपक्याच्या नेमक्या जागी दीर्घिका निघाली, तर ठिपका खोटा होता असं म्हणायला कुणाची जीभ सहजासहजी रेटणार नाही. त्यासाठी चार तास हवे होते. वहिनीने दोनदा अर्ज केला, दोनदा नाही आलं. एका मेलेल्या माणसाच्या ठिपक्यासाठी अख्खी रात्र कोण देतो? तिसऱ्यांदा रात्र मिळाली, तीही वहिनी महिनाअखेर निवृत्त होणार म्हणून, निरोपाचा नारळ दिल्यासारखी.

साडेदहाला काम सुरू झालं. अडीचला ती जागा समोरच्या डोंगराआड जाणार होती. बरोबर चार तास, मिनिटभरही जास्त नाही.

"हलवली!" भावजी ओरडले.

पडद्यावर अजून काही नव्हतं. असे पंचवीस-तीस फोटो एकावर एक ठेवल्यावरच काही दिसलं तर दिसणार. वहिनीने नवऱ्याचा जुना स्वेटर घातला होता. बाह्या लांब, कोपरं विरलेली. सात हिवाळे तिने तो कपाटात जपला होता आणि शेवटी वासही गेला, म्हणून घालायला काढला. आज तिला त्याची फार आठवण येत होती. दुःखाची नव्हे, साधीच: तो वाट पाहताना चमच्याने कपावर ताल धरायचा आणि ती वैतागायची. आता तो चमचा ऐकायला तिने काहीही दिलं असतं.

पाऊण वाजता घंटा वाजली.

घंटा म्हणजे भिंतीवरची काळी पेटी. उपग्रहाचा निरोप आला की ती वाजते. पेटीखाली नवऱ्याच्या अक्षरातला कागद अजून चिकटवलेला होता: "घंटा वाजली की हातातलं सोडायचं. चहासुद्धा."

दोघंही जागचे हलले नाहीत.

"वहिनी," भावजी खाली बघत म्हणाले, "ही पेटी मधूनच बिघडते, नाही का गं? मला तर काही ऐकू आलं नाही."

"भावजी."

"कुणी विचारलं तर मी बघून घेईन. माझी नोकरी जाईल तर जाऊ दे. चार तास तुला परत कोण देणार?"

तिने निरोप वाचला. स्फोट चाळीस सेकंदांपूर्वीचा. जागा डोक्यावरच, स्वच्छ आकाशात. एवढ्यात गाठू शकणाऱ्या आणखी दोन वेधशाळा होत्या. एकीवर ढग, दुसरीकडे अजून सूर्य मावळला नव्हता. म्हणजे आपण नाही पाहिलं, तर हे कुणीच पाहणार नाही. तिला नवऱ्याचा राग आला. मरून दहा वर्षं झाली तरी भिंतीवरून हुकूम सोडतोय! तुझ्यासाठीच बसलेय ना मी इथे? तुझा ठिपका वाचवू की तुझा कागद?

पण एका ठिपक्याला साक्षीदार मिळाला नाही म्हणून काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"फिरवा," ती म्हणाली.

"वहिनी, नीट विचार कर..."

"मिनिटं जातायत, भावजी. फिरवा!"

घुमट गडगडत फिरला. सहाव्या मिनिटाला पहिला फोटो पडद्यावर आला. तिने शेजारी जुना नकाशा ठेवला आणि एकेक तारा बोटाने जुळवत गेली. हा आहे, हा आहे, हाही आहे. आणि हा नाही. नकाशावर काळोख होता तिथे फोटोत एक स्वच्छ ठिपका होता.

"हलवली!"

दुसऱ्या फोटोत तारे सरकले आणि ठिपका ताऱ्यांबरोबर सरकला. खरा होता. तिसऱ्यात जरा मंद झाला, चौथ्यात आणखी. भावजींचा आवाज दर वेळी चढत गेला. सव्वा तासात आठ फोटो आणि नोंदवहीत आठ खुणा. शेवटच्या फोटोत ठिपका आहे म्हणायचं म्हणून होता. वहिनीने जगभरच्या वेधशाळांना चार ओळींचा निरोप पाठवला. स्फोटामागचा असा उजेड अख्ख्या आयुष्यात तिने पहिल्यांदाच पाहिला होता. तिला आनंद झाला, अगदी पोटातून झाला, आणि लगेच आठवलं की ज्याला घरी जाऊन सांगायचं तो घरी नाही.

जुन्या जागेवर परतले तेव्हा ती जागा डोंगराच्या कड्याजवळ उतरली होती. आणखी दोन फोटो मिळाले, मग कडा आडवा आला. झाले एकूण अडीच तास.

तिने होते तेवढे फोटो एकावर एक ठेवले. भावजी पाठीमागे येऊन उभे राहिले.

"दिसतंय का?"

ठिपक्याच्या जागी किंचितसा धूसरपणा होता. पुसलेल्या पाटीवर राहतो तेवढा. आणखी दीड तास मिळता तर ठरलं असतं, एक तर खरा, नाही तर भास. तिने खुर्ची मागे घेतली, पुन्हा पुढे आणली, दिवा घालवून पाहिलं.

"मला दिसतंय," ती म्हणाली. "पण कागदावर लिहिण्याइतकं नाही."

भावजींनी नोंदवही मिटली. मग आयुष्यात कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, त्या रात्री घाई दादाची नव्हती. तो मला म्हणाला होता, हलव. तीनदा म्हणाला. मी ठिपका बघत राहिलो आणि माझा हातच बटणाकडे गेला नाही. सकाळी बघतो तर त्याने वहीत आपलं नाव घातलेलं. मग मी तोंड उघडलंच नाही. अकरा वर्षं तुझ्यासमोर तसाच वावरतोय."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"घरी आल्या आल्या त्याने सांगितलं होतं. मी चिडले, म्हटलं, भावजींची चूक तू का घ्यायची अंगावर? तर म्हणाला, ठिपके आकाशात पुष्कळ आहेत, भाऊ मला एकच आहे. आणि मला शपथ घातली, तो स्वतःहून बोलेपर्यंत आपण विषय काढायचा नाही."

भावजी बटणांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती. वहिनीने थर्मासमधला उरलेला चहा दोन कपांत ओतला, एक त्यांच्या हाताशी ठेवला, आणि दुसऱ्या कपावर नकळत चमचा वाजवायला लागली.

"या वर्षी आता दुसरी रात्र कुणी देणार नाही. पुढच्या वर्षी ही जागा परत वर येईल," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मी नसेन, पण तुम्ही आहात. अर्ज मी लिहून ठेवते, सही तुम्ही करा. चार तास मागा."

भावजींनी बाहीने नाक पुसलं आणि मान डोलावली.

"आणि भावजी," वहिनी म्हणाली, "तेवढी हलवायला विसरू नका."