खंडेनवमीला पुजलेली सोंड

टिण्!

माझी लेक स्वरदा झोपली होती. वरच्या मजल्यावरचं टाइल्सचं कापकाम जेवायच्या सुट्टीसाठी थांबलं होतं. आमच्या मुलुंडच्या घरात अशी शांतता सणासुदीलाच मिळते, त्यामुळे मी हातपाय पसरून सोफ्यावर पडणारच होते, तेवढ्यात स्वयंपाकघरात देवाची घंटा वाजली. एकदाच, आणि तीही चोरून वाजवल्यासारखी.

मी उठून गेले. सासूबाईंनी पाट मांडला होता. त्यावर विळी, सुरी, खोबरं किसायचा आडाळो, माझ्या नवऱ्याचा, सुबोधचा, स्क्रूड्रायव्हर, त्याचाच लॅपटॉप आणि नेलकटर. आणि मधोमध, कानावर झेंडू खोचून, कपाळाला ओलं कुंकू आणि सोंडेवर सुकं कुंकू नि अक्षता घेऊन बसली होती माझी सोंडूताई.

“आई! हे काय केलंत?”

“आज खंडेनवमी मां गो. घरातली हत्यारां पुजूक नकोत?”

“अहो पण चार वाजता डॉक्टर येतायत, हीच बघायला!”

“बघूंदेत की. दुरून नमस्कार करूंदेत. पुजलेल्या हत्याराक उद्यापर्यंत हात लावूचो नाय.”

सोंडूताईबद्दल सांगायला हवं. मी अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत ऑपरेशनची उपकरणं डिझाइन करते. मुलं नाकात काय काय घालतात त्याला सुमार नाही. मणी, शेंगदाणे, खोडरबर. एका पठ्ठ्याने तर मखराचा थर्माकोल घातला होता. ते बाहेर काढायला मी एक बारीक, वाकडी नळी बनवली. तिच्या टोकाला इवलासा फुगा. नळी अडकलेल्या वस्तूच्या पलीकडे सरकवायची, मुठीतलं बटण दाबून फुगा फुगवायचा आणि हळूच ओढायचं. चिमटा दिसला की मूल किंचाळतं, म्हणून मुठीला हत्तीचं तोंड दिलं. नळी म्हणजे सोंड. स्वरदाने बारसं केलं. गेली दोन वर्षं मी एका मांडीवर लेक आणि दुसऱ्या मांडीवर सोंडूताई घेऊन बसलेय.

आता घाटकोपरचे कान-नाक-घशाचे डॉक्टर निहार केळुसकर ती बघायला येणार होते. ते ‘हो’ म्हणाले तर त्यांच्या हॉस्पिटलात तिची चाचणी. ‘नाही’ म्हणाले तर काय, ते आमच्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. “मग आपण थर्मामीटरची कव्हरं बनवू. तेही समाजकार्यच आहे.”

मी सासूबाईंच्या हातापाया पडले, आइस्क्रीमची लाच देऊ केली. उपयोग शून्य. मालनबाई सावंत एकदा पाटासमोर बसल्या की सुबोधचे बाबासुद्धा गप्प व्हायचे.

चारला बेल वाजली, स्वरदा जागी झाली आणि डॉक्टर आत आले. मी चाचरत सगळं सांगितलं. ते रागावतील वाटलं, पण त्यांचा चेहरा एकदम घरगुती झाला.

“आमच्याकडे तेच हो. आईने सकाळी क्लिनिकमध्ये येऊन सगळी हत्यारं पुजली. टॉर्चसकट! म्हणून तर आज मला तुमच्याकडे यायला वेळ मिळाला.”

“बगलंस?” सासूबाई मला म्हणाल्या. “शिकलेले असून आयशीचा ऐकतत.”

“पण आजी, मी रात्री आठवडाभरासाठी बाहेर चाललोय. नुसती लांबून बघून मी काय सांगणार?”

“मगे दसऱ्यानंतर सांगा.”

“दसऱ्यानंतर आमचे साहेब कव्हरं बनवायला घेणार,” मी म्हणाले. माझा आवाज जरा फुटलाच. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं आणि चहा ठेवायला उठल्या. विरघळल्या नव्हत्या, पण कडा जरा मऊ झाल्या होत्या.

मी डॉक्टरांना फोनवर आकृत्या दाखवत बसले. ते मानेने हो-हो करत होते, म्हणजे कंटाळले होते. स्वरदा खाली बसून प्रसादाचे फुटाणे खात होती. मग तिचा कुडुमकुडुम आवाज थांबला.

“आई, एक फुटाणा आत गेला.”

“जाऊ दे राणी, पोटातच जाणार ना.”

“पोटात नाही. नाकात.”

मी फोन टाकला. “कसा गेला?”

“मी घातला. सोंडूताईला काम नव्हतं ना!”

सासूबाईंनी चहाचा कप डॉक्टरांच्या हातात कोंबला आणि पाटाकडे धावल्या. एरवी त्यांची उत्तरपूजा अर्धा तास चालते. आज एका श्वासात झाली. अक्षता उडाल्या, हात जोडले गेले. “देवा, चेडवाचा नाक हा, माफ कर. आता पूजा सुटूक ह्येका उत्तरेक सरकवूक व्हया. उत्तर खंय रे?”

डॉक्टरांनी कप न सांडता खिशातून फोन काढून होकायंत्र उघडलं. “फ्रिजकडे, आजी.”

सोंडूताई फ्रिजकडे बोटभर सरकली. “उचल गो बाय माझे, झाला!”

स्वरदा स्वतःच मान मागे टाकून, नाक पुढे करून बसली होती. मी सोंड नाकाजवळ नेली. आत गेलीसुद्धा नाही. सोंडेवरचं कुंकू भुरभुरलं, स्वरदाचे डोळे बारीक झाले आणि—

“आऽऽक् छी!”

फुटाणा सुटला आणि डॉक्टरांच्या चहात पडला.

डॉक्टरांनी टॉर्चऐवजी फोनच्या उजेडात नाक तपासलं, दुसरी नाकपुडीही बघून घेतली. “साफ आहे. पण म्हणजे, तुमच्या यंत्राने काही काढला नाही.”

“मगे कोणी काढल्यान? तुमी?” सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

मी बटण दाबलं. फुगा फुगेना. नळीत अक्षत अडकली होती! नाकातलं काढायच्या यंत्राच्याच नाकात तांदूळ. मला रडावं की हसावं कळेना. सुई घेऊन तो दाणा काढला (सुई पुजायची राहिली होती, नशीब), सोंड धुतली आणि प्रात्यक्षिकासाठी ऑफिसातून आणलेलं रबरी नाक पुढे ठेवलं. डॉक्टरांनी त्यात फुटाणा घातला. सोंड आत, फुगा टम्म, फुटाणा बाहेर. मग त्यांनी मणी घातला. मग माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण. मग खेळातच रमले.

“फुग्यावर थोडं काम लागेल,” शेवटी ते म्हणाले. “पण माझ्याकडे असं पोर धरायला दोन नर्स आणि एक बाप लागतो. ही तर नाक पुढे करून बसली. घेऊन या हॉस्पिटलला, मी आल्यावर. फक्त कुंकू लावू नका.”

“मगे शिंक कशी येतली?” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर गेले. मी स्वरदाला उचलून गरागरा फिरवलं, सासूबाईंनाही फिरवायचा प्रयत्न केला, त्यांनी लाटणं दाखवलं. नाकात काही घालायचं नाही, यावर स्वरदाला बरंच ऐकवून झालं. मग ती माझ्या मांडीवर बसून सोंडूताईचे कान पुसू लागली.

“आता ही हॉस्पिटलमध्ये राहणार?”

“हो. ती तयार झाली ना आता. म्हणून तिला सोडून यायचं.”

तिने सोंडूताईला नीट पालथं-उताणं करून पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“आई, मी तयार झाले की मला कुठे सोडून येणार?”