चार चॅनेलचं घर

ॲम्प्लिफायर चालू केला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती आणि बाबा झोपायच्या खोलीत. त्यामुळे स्वयंपाकघर त्याच्या दुसऱ्या चॅनेलवर गेलं आणि झोपायची खोली तिसऱ्यावर. पहिल्या चॅनेलवर हॉल राहिला, कारण हॉलमध्ये मी होते.

ॲम्प मी न वाजवता निवडला होता. साताऱ्यात ट्यूबचा गिटार ॲम्प ठेवणारं दुकान मला सापडलं नाही. पुण्याला जाऊन वाजवून बघ, असं निहार म्हणाला होता. तो आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. "चप्पल घेताना चार पावलं चालून बघतेस ना?" त्याने विचारलं. मी त्याला दोन ॲम्पच्या फ्रीक्वेन्सीचे आलेख पाठवले आणि कोणता का चांगला, ते लिहून कळवलं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर आलेख बघून आवाज ऐकू येतो असा माझा समज होता. "तू लग्नही कुंडलीवरूनच करणार," त्याचं उत्तर आलं.

मला सगळं वाजवता येईल असा एकच ॲम्प हवा होता. माहितीच्या तक्त्यात चार चॅनेल होती, प्रत्येकाचा आवाज वेगळा. पहिल्यापुढे 'स्वच्छ' लिहिलं होतं, दुसऱ्यापुढे 'खरखरीत', तिसऱ्यापुढे 'लांबणारा'. चौथ्यापुढे 'वरीलपैकी सर्व' असं होतं. परीक्षेत हा पर्याय दिसला की डोळे मिटून त्यावर खूण करायची, हे मी शाळेपासून करत आले आहे. ताकद किती हवी याचाही मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या घरी सगळं वाढत्या मापाचं घेतात. माझ्या शाळेच्या बुटांत पुढे कापूस असायचा आणि फ्रॉकची खालची पट्टी दरवर्षी उसवली जायची. म्हणून मी शंभर वॅटचा घेतला. पुढे उपयोगी पडेल.

खोकं उघडल्यावर आई म्हणाली, "थांब, हळदीकुंकू वाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही." ती तबक आणायला आत गेली. बाबा म्हणाले, "मागे बारीक अक्षरात काय काय लिहिलंय. चष्मा आणतो." तेही आत गेले. ॲम्पमधल्या काचेच्या ट्यूब तापायला वेळ लागतो. दोघं येईपर्यंत तापतील, असा मी हिशोब केला, गिटार गळ्यात अडकवून वायर जोडली आणि बटण दाबलं.

काचेच्या नळ्या नारिंगी झाल्या. आतली दोन्ही दारं नाहीशी झाली होती. त्या जागी जाड विणीचं काळं कापड ताणून बसवलेलं होतं, स्पीकरवर असतं तसं. मी त्यावर तळहात ठेवला. मागे भिंत नव्हती, कापड आतबाहेर होत होतं. बाहेरचं दार मात्र जागेवर होतं. ते उघडलं तर तिथेही कापडच लागलं.

ॲम्पसोबत पायाने दाबायची चार बटणांची पट्टी आली होती. मी दुसरं बटण दाबलं.

आता मी स्वयंपाकघरात होते. ॲम्प पिठाच्या डब्याच्या जागी उभा होता आणि वायर तशीच माझ्या गिटारला होती. आई ओट्यापाशी निरांजन लावत होती.

"आलेच," ती म्हणाली. तिच्या आवाजाच्या कडा खरखरत होत्या. "हात लावला नाहीस ना अजून?"

"नाही," मी म्हणाले.

"खोटं बोलू नकोस. पिठाचा डबा कुठे ठेवलास?"

मी तिला परिस्थिती सांगितली. तिने तबक हातात घेतलं आणि माझ्याकडे चालायला लागली. ओटा माझ्यापासून दोन हातांवर होता. ती बराच वेळ चालत राहिली आणि जिथे होती तिथून थोडी मागेच गेली. खोली लांबत होती. जमिनीला नवीन फरश्या येत होत्या, त्याच पिवळ्या, मधला काळा ठिपकाही तोच. शंभर वॅटला लागते तेवढी जागा खोली स्वतःच करून घेत होती.

मी तिच्याकडे जायला निघाले, पण वायर ताणली गेली. गिटारचा पट्टा निघेना. मी वायर गिटारमधून थोडीशी उपसली, तेव्हा आईच्या कडा फटफट आवाज करत तुटायला लागल्या. तबकासकट तिचा डावा हात नाहीसा झाला आणि परत आला. मी वायर घाईने आत ढकलली. ॲम्प बंद करून बघायचा विचारही सोडला.

"असलं काही करू नकोस," आई म्हणाली. "मुंग्या येतात."

तिसऱ्या बटणावर बाबा होते. ते गादीवर बसून चष्म्याचं घर उघडत होते.

"शाऽऽऽल्मली," ते म्हणाले. या चॅनेलवर प्रत्येक स्वर लांबत होता, त्यामुळे त्यांचं वाक्य संपायला वेळ लागायचा. "मागचंऽऽ वाचल्याशिवायऽऽ चालू केलास?"

"हो."

"आईऽऽ कुठे आहे?"

"दुसऱ्या चॅनेलवर."

"तिला म्हणावंऽऽ गॅस बंद कर."

मी परत दुसऱ्यावर गेले. माझ्या अनुपस्थितीत तिथे काहीच घडलं नव्हतं. निरांजनाची ज्योत जशी वाकली होती तशीच वाकलेली होती आणि मी आल्यावर सरळ झाली. म्हणजे जे चॅनेल चालू नसेल तिथला काळ थांबतो. हे मला सुरुवातीला सोयीचं वाटलं. पण खोली मात्र प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब असायची. आईचा निरोप बाबांना आणि बाबांचा आईला, अशी मी ये-जा करत राहिले, आणि दोघं लहान होत गेले. ठरावीक अंतरानंतर आई काय म्हणते ते कळण्यासाठी मला तिच्या चॅनेलचा आवाज वाढवावा लागला. आवाज वाढवला की खोली आणखी लांबायची.

पहिलं बटण दाबून मी हॉलमध्ये परतले आणि कंपनीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. एका माणसाने लगेच उचलला.

"मॅडम, आपण डेमो घेतला होता का?"

"नाही."

"मग पहिला वापर हाच डेमो धरतात."

"तो संपतो कधी?"

"ऐकणाऱ्याचं समाधान झालं की."

"ऐकतंय कोण?"

"ते आमच्याकडे दिसत नाही, मॅडम."

मला ॲम्प परत करायचा आहे, असं मी सांगितलं. त्याची काहीच हरकत नव्हती. खोक्यात आलेल्या सर्व वस्तू तशाच परत हव्यात, एवढंच तो म्हणाला, आणि त्याने वाचून दाखवलं: ॲम्प, पायपट्टी, पॉवरची वायर, आई, बाबा.

"शेवटची दोन आमची आहेत," मी म्हणाले.

"सील फोडल्यावर तसा फरक करता येत नाही, मॅडम. आणखी काही मदत हवी आहे?"

मी फोन ठेवला. हॉलही आता लहान राहिला नव्हता. सोफा दूरवर बाकासारखा दिसत होता, आणि तरी मला ॲम्पपासून वायरीइतकंच लांब जाता येत होतं. चौथं बटण पायाशी होतं. वरीलपैकी सर्व. त्यावर हॉल, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली एकत्र असणार, असा सरळ अर्थ निघत होता. पण दोन खोल्या गमावल्यावर मला आता काहीही न विचारता दाबायचं नव्हतं.

मी दुसऱ्यावर जाऊन आईला विचारलं. ती बोटाच्या पेराएवढी दिसत होती, हातात उजेडाचा एक ठिपका.

"दाब की," ती म्हणाली. "तूप संपत आलंय. हे विझलं तर तू मला बघणार कशी?"

तिसऱ्यावर बाबांना विचारलं. ते मला दिसतच नव्हते, फक्त आवाज येत होता.

"नको," ते म्हणाले. "आधीऽऽ मागचंऽऽ वाचूऽऽ..." पुढचं वाक्य येत राहिलं, पण त्यात शब्द उरले नव्हते. एकच स्वर होता, आणि तो संपत नव्हता.

मी परत दुसऱ्यावर गेले. तिथे आता ठिपकाही शोधावा लागत होता. तो सापडला, एकदा बारीक झाला, परत मोठा झाला. मी चौथं बटण दाबलं.

माझ्या गळ्यात गिटार नव्हती. मागून, मानेजवळ, ऊब येत होती आणि नारिंगी उजेड पडला होता. मला वळता येत नव्हतं. माझ्या खांद्यांना दोन्ही बाजूंनी लाकूड लागलेलं होतं. समोर जाड विणीचं कापड होतं आणि विणीच्या भोकांतून आमचा हॉल दिसत होता, नेहमीच्या मापाचा. आतली दोन्ही दारं उघडी होती. एका दारातून आई तबक घेऊन आली, दुसऱ्यातून बाबा चष्मा पुसत आले. दोघं एकमेकांच्या शेजारी उभे राहिले.

"कुठे गेली ही?" बाबा म्हणाले.

"आत्ता तर इथेच होती. धीर म्हणून नाही त्या मुलीला." आईने निरांजन खाली ठेवलं, बोट कुंकवात बुडवलं आणि ते माझ्या डोक्यावरच्या लाकडाला लावलं. ओलावा मला कपाळावर जाणवला.

मी हाक मारली. कापड हललंसुद्धा नाही.

बाबा गुडघ्यांवर बसले. वायरचं एक टोक ॲम्पमध्ये होतं आणि दुसरं फरशीवर मोकळं पडलं होतं. त्यांनी ते उचललं, चष्म्याजवळ नेलं आणि अंगठ्याने त्याचं चकचकीत टोक पुसलं.

माझ्या तोंडातून एक जाड, सपाट घरघर बाहेर पडली. ती पन्नास हर्ट्झची होती, घरातल्या विजेची. मी त्यात 'बाबा' म्हणायचा प्रयत्न केला, पण घरघरीला ओठ लागत नव्हते. त्यांनी अंगठा काढला आणि ती थांबली. तिच्याबरोबर माझा श्वासही थांबला.

"चालू आहे," बाबा म्हणाले.

आई कापडाच्या अगदी जवळ आली. तिचा डोळा एका भोकापुढे होता.

"परत लावा बघू," ती म्हणाली. "आत्ता त्यात काहीतरी होतं."

"काय होतं?"

"लावा म्हणते ना."

बाबांनी अंगठा टोकाजवळ आणला, आणि मागे काय लिहिलंय ते आधी वाचावं म्हणून तो तिथेच धरून ते माझ्या पाठीमागे वाकले.